पोट्टा पळाला नाही, तुमचा हंगाम संपला

यवतमाळ जिल्ह्यातून एका जिनिंगवाल्यांचं पत्र आलं आहे. लांब होतं, कामापुरतं देतो.

‘सर, राळेगावच्या बाजूला आमचं जिनिंग-प्रेसिंग आहे, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. २४ डीआर (डबल रोलर जिनिंग यंत्रं) आणि एक प्रेस. वडिलांनी उभं केलं, आता मी आणि लहान भाऊ पाहतो. हंगामात ठेकेदाराची माणसं धरून ४० जण असतात. फिटर नेहमी बाहेरचा, त्याचे नखरे लय. म्हणून गावातलेच दोन पोट्टे हाताशी धरून शिकवले. पहिल्याला जूनमध्ये फोन केला तर म्हणे, भाऊ, मी बुटीबोरीला लागलो. दुसऱ्याला ऐन जानेवारीत शेजारच्याच जिनिंगवाल्यानं महिन्याचे दोन हजार जास्त देऊन उचललं. आता आयटीआयचे प्राचार्य आम्हा सहा जिनिंगवाल्यांना म्हणतात, थोडे पैसे आणि एक जुनं डीआर द्या, आपण तालुक्यातली पोरं तयार करू. सरपंच म्हणतात गावाचं भलं होईल. वडील म्हणतात, पैसा घालवायचाच तर देवळाच्या सभामंडपाला दे, निदान पाटीवर नाव तरी राहील. भाऊ म्हणतो, बाँड लिहून घे आणि मार्कशीट कपाटात ठेव. मी काय करू? शिकवलं की पळतात, मग शिकवावं काहून? आणि हे सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, बसते काय?’

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मी जून महिन्यापाशी थांबलो. मार्च-एप्रिलात कापसाची उलंगवाडी होते, डीआर बंद पडतात, ठेकेदार आपली माणसं घेऊन गावाला जातो. तुम्ही सरकी-रुईचा हिशेब करत बसता. त्या पोट्ट्याला तुम्ही काय सांगितलं होतं? तुम्ही लिहिलं नाही, पण आपल्याकडची रीत मला ठाऊक आहे. ‘दसऱ्याला ये बाप्पा, मग पाहू.’ एप्रिल ते ऑक्टोबर त्याच्या घरची चूल कशी पेटते, हा तुमचा प्रश्न नव्हता. मग नागपूरजवळच्या बुटीबोरीत बारा महिने पगार देणारा कारखाना मिळाला आणि तो गेला, यात पळाला कुठे? तुमचा हंगाम संपला, त्याचा महिना संपला नव्हता.

आपल्या भागात सालगड्याशीसुद्धा पाडवा ते पाडवा बोली होते. साल किती, धान्य किती, मधे उचल किती, सगळं ठरतं. ज्याच्या हातात तुमची लाखो रुपयांची यंत्रं देता, त्याच्याशी मात्र पाच महिन्यांचीही पक्की बोली नाही. राग मानू नका. मी आयटीआयत फिटर ट्रेडला शिकवण्यात नोकरी काढली आणि ‘पोरं टिकत नाहीत’ हे गाऱ्हाणं कित्येक मालकांच्या तोंडून ऐकलं. त्यात निम्म्याहून जास्त ठिकाणी पोरांना टिकायला जागाच नव्हती.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: शिकवा, पैसे घाला, सहाही जण मिळून घाला. पण त्याआधी पावसाळ्यातल्या पगाराचं ठरवा. ते ठरत नसेल तर प्राचार्यांना आत्ताच नाही म्हणा आणि वडिलांचं ऐकून सभामंडप बांधा. अर्धवट शिकवून हंगामाच्या शेवटी सोडून द्यायचं, तर तुम्ही बुटीबोरीसाठी माणसं तयार करणार आणि वर शिव्याही त्यांनाच देणार.

आता तुमचे भाऊ विचारतील की शिकलेल्या माणसानं असा काय फरक पडतो. त्यांना एकदा डीआरसमोर उभं करा. चामड्याच्या चकत्यांचा रोलर, त्याला चिकटून दाबलेला स्थिर चाकू आणि वरखाली हलणारा दुसरा चाकू, एवढाच तो खेळ आहे. तंतू रोलरला धरून चाकूखालून ओढला जातो, हलता चाकू सरकीला ठोसून खाली पाडतो. स्थिर चाकूचा दाब जास्त झाला की रोलर तापतो, लवकर झिजतो आणि रुईला करपल्याचा वास येतो. हलता चाकू स्थिर चाकूवर जरा जास्त चढवला तर सरकी फुटते, तिचे तुकडे रुईत जातात आणि गाठीचा भाव पडतो. कमी चढवला तर सरकीच्या अंगावर रुई राहते. शिवाय सरकीचा आकार वाणागणिक बदलतो, पहिल्या वेचणीचा कापूस आणि फरदडीचा (हंगाम संपल्यावरही ठेवलेल्या पिकाचा) कापूस एकाच मापावर चालत नाही. कच्चा फिटर हंगामाच्या सुरुवातीला एकदा नट आवळतो आणि मार्चपर्यंत हात लावत नाही. जाणता फिटर सकाळी पहिली मूठभर सरकी हातात घेऊन अंगठ्यानं चोळतो, उजेडात धरतो आणि मग पाना काढतो.

याचे पैसे मोजून पाहा. समजा तुम्ही दिवसाला ५०० क्विंटल कापूस ओढता आणि क्विंटलमागे फक्त अर्धा किलो रुई सरकीला चिकटून गेली. ती २५० किलो झाली. १७० किलोच्या मापानं दिवसाला जवळजवळ दीड गाठ तुम्ही रुईच्या भावाऐवजी सरकीच्या भावानं विकली. हे रोज. महिनाभराचा आकडा भावासमोर ठेवा आणि मग फिटरच्या पावसाळ्यातल्या पगाराची गोष्ट काढा.

आगीचं तर बोलायलाच नको. कापसात आलेला खडा, लोखंडाचा तुकडा, गरम झालेलं बेअरिंग, एवढ्यावर जिनिंग पेटतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहे. बेअरिंगचा आवाज बदलला हे ज्याला कळतं आणि कापूस अडकला की आधी मेन बंद करून मगच हात घालायचा ही ज्याची सवय आहे, तो माणूस विम्याच्या हप्त्याहून स्वस्त पडतो. (विमा मात्र सोडू नका.)

पावसाळ्यात काम काय देणार? मला तर कामच काम दिसतं. रोलर काढून नव्या चकत्या बसवणं, खाचा पाडणं, चाकूंना धार लावणं, बेअरिंग बदलणं, प्रेसचं हायड्रॉलिक खोलून तेल-सील पाहणं, पॅनेलची वायरिंग, शेडचे पत्रे. आज हे सगळं तुम्ही सप्टेंबरात नागपूरहून माणूस बोलावून, त्याच्या तारखेसाठी हात जोडून करून घेता. तेच काम मे ते ऑगस्ट तुमच्या घरच्या माणसाकडून निवांत होईल. एका जिनिंगला ते सहा महिने पुरणार नाही, कबूल. पण तुम्ही सहा जण आहात, कुणाचं तेलघाणं असेल, कुणाची डाळ मिल. डाळ मिल तर उन्हाळ्यातही चालते. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं काढलेली मिनी डाळ मिल आता खेडोपाडी बचत गटांकडे आहे, तिलाही पट्टा आणि बेअरिंग लागतातच. सहा कारखान्यांत मिळून तीन-चार फिटर बारा महिने सहज पोसले जातील. पगार कुणी किती दिवस वापरला त्या हिशेबानं वाटून घ्या.

एक गोष्ट मला फार करावीशी वाटते, ती सांगतो. जुलैत तुमच्या फाटकापाशी एक बाकडं टाका आणि आठवड्यातून एक दिवस त्या पोट्ट्याला फवारणीचे पंप दुरुस्त करायला बसवा. वॉशर, नोझल, पट्टा, एवढंच सामान लागतं. सामानाचे पैसे शेतकऱ्यानं द्यावे, हाताचे तुम्ही. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. पाठीवर गळणारा पंप किती घातक असतो हे यवतमाळात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सरपंच ज्याला गावाचं भलं म्हणतात, ते असं हातात धरता आलं पाहिजे. आणि तोच शेतकरी दिवाळीनंतर कापसाची गाडी कुणाच्या फाटकात लावायची हे ठरवताना त्या बाकड्याला विसरत नाही, हेही वडिलांच्या कानावर घाला.

दुसऱ्या पोट्ट्याची गोष्ट वेगळी. तो हंगामातच गेला, शेजाऱ्यानं नेला. इथं दोष ना तुमचा ना त्याचा, दोन हजार जास्त मिळत असतील तर कुणीही जाईल. हे एकट्या मालकाला थांबवता येत नाही. म्हणूनच प्राचार्यांचं बोलावणं मला मोलाचं वाटतं. सहाही जणांनी एका टेबलाशी बसायची ही संधी आहे. आपसात ठरवा की प्रशिक्षणाचा निधी एकत्र, आणि ज्याचे जेवढे डीआर तेवढा त्याचा वाटा. आणि ऐन हंगामात एकमेकांचा शिकाऊ उचलायचा नाही. उचललाच तर त्याच्या शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्यानं निधीत भरायचा. फक्त एक पथ्य पाळा. ‘फिटरला अमुक रुपयांच्या वर कुणी द्यायचं नाही’ असला ठराव चुकूनही करू नका. तो पोरांच्या पोटावर पाय आहे. आणि बुटीबोरीचा कारखाना काही तुमच्या ठरावात सही करायला येणार नाही.

बाँडचं आता. भावाला सांगा, मार्कशीट कपाटात ठेवायची कल्पना आजच सोडा. दुसऱ्याचा कागद अडवून ठेवण्याला प्रशिक्षण म्हणत नाहीत, आणि गावात एकदा ही बातमी फुटली की चांगल्या घरचं पोरगं तुमच्याकडे फिरकणार नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ सांगतं की माणसाला धंदा-रोजगार करायला आडकाठी घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. करार मोडला म्हणून तुम्ही फार तर झालेला वाजवी खर्च मागू शकता, माणूस ओढून परत आणू शकत नाही. आणि महिन्याला दहा-बारा हजार कमावणाऱ्याच्या घरी वसुलीला जाणार कोण? तुम्ही? त्याच्या आजीनं तुम्हाला चहा दिला तर काय कराल? त्यापेक्षा उलटं करा. हंगाम पुरा केला की बक्षीस, दुसरा हंगाम पुरा केला की पगारवाढ, आणि हे आधीच कागदावर लिहून त्याच्या हातात.

कायद्याची आणखी एक बाजू आहे, ती तुम्हाला बहुतेक कुणी सांगितली नसेल. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा फक्त मोठ्या कारखान्यांसाठी नाही. चार माणसं असलेल्या ठिकाणालाही शिकाऊ उमेदवार घेता येतो, आणि कंत्राटी माणसं धरून ३० किंवा जास्त असतील तर घ्यावाच लागतो, एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के. तुमच्या ४० माणसांवर ते एक ते सहा जण होतात. हंगामी हजेरी कशी मोजायची हे जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जाऊन एकदा लेखी विचारून घ्या. केंद्र सरकारच्या पोर्टलवर कारखाना नोंदवायचा, उमेदवाराशी करार करायचा, त्याला ठरलेलं विद्यावेतन द्यायचं. २०१६ पासूनच्या प्रोत्साहन योजनेत त्या विद्यावेतनातला २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, असा वाटा केंद्र सरकार देतं आणि तो आता थेट उमेदवाराच्या खात्यात जातो. शिकाऊ असेपर्यंत भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआयची कपात लागत नाही, पण त्याला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी तुमची. जिनिंग धोक्याचं काम आहे, तेव्हा १८ च्या खालचं पोरगं घेऊच नका, बाप कितीही गयावया करो.

सरकारचे पंधराशे म्हणजे काही मोठं घबाड नाही. माझ्या लेखी खरी किंमत आहे शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्राला. आजवर तुमच्याकडे शिकलेला पोट्टा बाहेर सांगतो काय? ‘अमक्या भाऊच्या जिनिंगला होतो.’ कागद काहीच नाही. तुम्हाला भीती वाटेल की कागद दिला की तो उद्याच जाईल. काही जातील. पण ज्या कारखान्यातून कागद मिळतो तिथं दरवर्षी नवी चार पोरं स्वतःहून फाटकाशी येतात, आणि तुम्हाला निवडता येतं. आज तुम्ही निवडत नाही, जो सापडेल तो धरता.

आयटीआयला जुनं डीआर द्यायचं का? द्या, पण त्यावर जिनिंग शिकवता येईल या भ्रमात राहू नका. मी त्याच इमारतीत आयुष्य काढलं आहे म्हणून बोलतो. वर्कशॉपमध्ये कापूसच नसेल तर डीआर फिरवून दाखवणार काय? देणगीत आलेल्या मशीनवर बहुधा ताडपत्री पडते आणि देणाऱ्याच्या नावाची पाटी तेवढी पुसून चकचकीत ठेवतात. तुमचं मशीन खोलायला-जोडायला ठेवा. रोलर उतरवणं, चकत्या चढवणं, चाकू बसवणं, माप घेणं, हे तिथं उत्तम होईल. चालवणं मात्र तुमच्या शेडमध्ये, हंगामात. यासाठी नवी वाट शोधत बसायला नको, आयटीआयच्या व्यवस्थेत दुहेरी प्रशिक्षणाची पद्धत आहेच, वर्गातलं आयटीआयत आणि हातचं काम कारखान्यात. प्राचार्यांशी सामंजस्य करार करावा लागतो. शिवाय सरकारी आयटीआयत संस्था व्यवस्थापन समिती असते, तिच्यावर उद्योगातली माणसं घेतात. पैसे देणारच असाल तर त्या समितीत जागाही मागा आणि बैठकीला जा. चेक फाडून घरी बसणाऱ्या उद्योजकाचा आयटीआयला काडीचा उपयोग नाही.

फक्त आयटीआयवरही थांबू नका. कापूस तंत्रज्ञानाची सिरकॉट ही केंद्रीय संस्था १९२४ पासूनची. तिचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आपल्या नागपुरात, अमरावती रोडला वाडीत आहे. जिनिंगमधल्या माणसांसाठी तिथं छोटे अभ्यासक्रम होतात. राळेगावहून सकाळच्या गाडीनं जाता येतं, आणि तरीही आपल्या भागातले किती मालक तिथं गेले आहेत? पहिल्यांदा तुम्ही स्वतः जा. मालकाला चाकूचं माप कळतं हे एकदा शेडमध्ये कळलं की फिटरचे नखरे आपोआप कमी होतात. मे महिन्यात एका पोट्ट्याला आरसेटीत मोटार रिवाइंडिंग शिकायला पाठवा. या संस्था बँका चालवतात, जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आहेत, शिक्षण आणि राहणं-जेवण फुकट असतं. तेवढ्या महिन्याचा पगार चालू ठेवा. जळालेली मोटार नागपूरला पाठवून आठ दिवस वाट पाहणं थांबलं की तो पगार वसूल झाला.

तुमच्या पत्रात बायांचा उल्लेख कुठेच नाही. तुमच्या शेडमध्ये कापसातला कचरा वेचायला बसतात त्या कोण? त्यांनी शेतात कापूस वेचला आहे, ओला कापूस, कवडी, पानकचरा त्यांना हात लावताच कळतो. त्यांच्यातली एखादी बारावी झालेली सून किंवा मुलगी फाटकावरच्या आर्द्रतामापकाशी बसवून पाहा. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा पूर्ण भावाला, त्यापुढे १२ पर्यंत कपात, १२ च्या वर नाकारणी. हंगामातली निम्मी भांडणं या एका आकड्यावरून होतात. गाडीच्या वरच्या थरातला कापूस काढून मीटर लावला की शेतकरी खूश आणि तुम्ही बुडालात, उन्हं कलल्यावर तळातला काढला की उलटं. नमुना कुठून, किती ठिकाणांहून घ्यायचा हे नीट शिकलेली आणि आकडा शेतकऱ्याला दाखवून वहीत लिहिणारी बाई फाटकावर बसली, तर भांडण निम्मं होईल. ती बुटीबोरीलाही लगेच जाणार नाही, घर गावात आहे तिचं. म्हणून तिला पगार कमी द्यायचा, असा मात्र अर्थ काढू नका.

सरपंचांशी गोडीनं वागा, पण त्यांच्याकडून यादी घेऊ नका. पोरं निवडताना शेडमध्ये आठ दिवस नुसतं हाताखाली उभं करा. पाना जागेवर ठेवतो का, न विचारता झाडतो का, खर्रा बाहेर थुंकून येतो का, आणि मशीन बंद असल्याची खात्री करूनच हात घालतो का. शेवटच्या एका गोष्टीत जो नापास, तो सरपंचांचा भाचा असला तरी घरी पाठवा.

सीएसआर तुम्हाला लागू नाही. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ हे ५०० कोटी नेटवर्थ किंवा १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांसाठी. आणि केवळ स्वतःच्या कामगारांच्या फायद्याचा खर्च तिथंही सीएसआर धरत नाहीत. तुमचा हा धंद्याचा खर्च आहे, सीए तो कुठे दाखवायचा ते सांगेल.

वडिलांशी वाद घालू नका. सभामंडपालाही काही द्या. आणि पहिल्या तुकडीला प्रमाणपत्रं मिळतील तेव्हा ती त्यांच्याच हातून वाटा, नावाची हौस तिथंही फिटते.

बुटीबोरीला गेलेला पोट्टा दिवाळीला घरी येत असेल. त्याच्याशी बोलणं सोडलं असेल तर पुन्हा सुरू करा. मोठ्या कारखान्यात देखभालीची वही कशी भरतात, सुट्या भागांचा साठा कसा ठेवतात, हे तो रोज पाहतो. दोन दिवस नव्या पोरांना ते सांगायला बोलवा आणि दिवसाचे पैसे द्या. जुन्या ओळखीवर फुकट राबवू नका.

आता प्राचार्यांच्या बैठकीचं. ती पोळ्याच्या आधी उरका, पोळ्यानंतर तुम्हा सहाही जणांचं डोकं कापसाच्या भावात जातं. बैठकीत पैशाचा आकडा सगळ्यात शेवटी काढा. आधी तीन गोष्टी लिहून घ्या. पावसाळ्यात किती पोरांना कोण पगार देणार, हंगामात आयटीआयची पोरं कुणाच्या शेडमध्ये कोणत्या पाळीला येणार, आणि रात्रपाळीला त्यांना उभं करायचं नाही. चौथी गोष्ट मी भर घालून सांगतो. आयटीआयच्या निदेशकालाही, म्हणजे शिकवणाऱ्या माणसालाही, जानेवारीत आठवडाभर तुमच्या शेडमध्ये पाठवायला सांगा. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी चालू जिनिंग आतून पाहिलेलंच नसतं. त्याच्या येण्याजाण्याचा खर्च निधीतून द्या. आणि त्या आठवड्यात तुमच्या प्रेसवरच्या सगळ्यात जुन्या माणसाला कामातून मोकळं करून त्याच्यासोबत फिरवा, रोजी पूर्ण देऊन.